भिंतीवरचे दोन भाऊ

मंडळी, आज दुपारी आमच्या घराण्यातला एक पूर्वज कमी झाला आणि मला आनंद आवरून नाही राहिला.

महाल मोहल्ल्यातल्या आमच्या घरी एकोणिसाव्या शतकातल्या, हातानं रंगवलेल्या दोन तसबिरी आहेत. एकीत जरीची पगडी, अंगरखा, भरघोस मिशा. हे थोरले. दुसरीत मुंडण, मिशी नाही, अंगावर साधं पांढरं उपरणं. हे धाकटे, संन्यासी झालेले. पित्रांना दोघांची पानं वेगळी वाढतो आम्ही.

आज काटोलहून चुलतभाऊ शेखरदादा आला. मागच्या महिन्यात त्याचे वडील गेले. आईनं दार उघडलं आणि विचारलं, “कोण पाह्यजे तुमाले?”

“काकू, मी शेखर.”

त्याच्या त्या झुपकेदार मिशा वडिलांच्या क्रियेत उतरवल्या होत्या. आई ओशाळून हसली, मग एकदम भिंतीवरच्या धाकट्याकडे पाहतच राहिली.

“अवं, इकडे ये. हा संन्यासी नाही. याचा बाप गेला हाय.”

मी स्टुलावर चढून मोबाईलचा टॉर्च मारला. दोघांच्याही डाव्या भुवईत तोच व्रण. एकच माणूस. पगडी आणि मिशी उतरली, तेवढ्यावर आम्ही त्याचा भाऊ तयार केला होता.

पण तशा अवतारात कोणी चित्रकारापुढे काहून बसेल? तुम्हाला काय वाटतं?

शेखरदादानं खिशातून मोबाईल काढून स्वतःचा फोटो दाखवला, मिशी उतरवली त्या दिवशीचा.

“बाबासाठी दिली. ते दिसलं पाह्यजे ना.”