ज हॅलो

माझी ट्रंक बाहेर कट्ट्यावर होती आणि घरमालकीण खोलीच्या उंबऱ्यावर बादलीनं पाणी ओतत होती. मी कॉलेजातून आले होते, हातात वह्या. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. खराटा घेतला आणि चार रात्री मी जिथं झोपले होते ती फरशी घासायला लागली. घासता घासता म्हणाली, "आडनावावरनं कळलं न्हाय बघ. फसवलंस."

मी फसवलं नव्हतं. तिनं आडनाव विचारलं, मी सांगितलं. आमचं आडनाव मराठ्यांतही आहे आणि आमच्यातही आहे. तिनं पुढचं विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. कोल्हापुरासारख्या शहरात असलं कोण विचारतंय, असं मला वाटायचं. वीस वर्षांची होते.

तिला कळलं ते आबांमुळं. आबा म्हणजे माझे वडील. वारणेकडच्या एका गावातले, साखर कारखान्यात कामगार. आदल्या दिवशी मला तांदळाचं पोतं द्यायला आले होते. पोतं खांद्यावरून उतरवताना समोरून त्यांच्या ओळखीचा एक रिक्षावाला गेला आणि आबांनी पेठेतल्या त्या अरुंद गल्लीत खणखणीत आवाज दिला, "जयभीम!" आबांचा आवाजच तसा. कारखान्याच्या भोंग्यातही ऐकू येईल असा. घरमालकीण दारातच उभी होती.

त्या संध्याकाळी ट्रंक घेऊन मी एसटीनं गावी गेले. आबांनी ट्रंक बघितली आणि विचारलं, "काय झालं गं?" मी आईसमोर, शेजारणीसमोर म्हणाले, "तुमाला जरा तोंड आवरता येत न्हाय? सगळ्या गल्लीला जयभीम ऐकवायची काय गरज हुती?"

घरमालकिणीला मी एक शब्द बोलले नव्हते. तिच्यापुढं मान खाली घालून ट्रंक उचलली होती. सगळा राग साठवून आणला तो बापासाठी. आबांनी ट्रंक आत नेऊन ठेवली.

घरमालकिणीचं पाप तिच्यापाशी. मी इथं सांगायला बसले आहे ते माझं.

आज फुलेवाडीत माझं स्वतःचं घर आहे. खाली तीन खोल्या, वर एक. पन्हाळ्याला एका सरकारी कचेरीत मी कारकून आहे. सकाळी आठला घर सोडते, संध्याकाळी सातला परत. नवरा वारला त्याला सहा वर्षं झाली, मुलगी शिकायला पुण्याला. आई गेल्यावर आबांना मी इकडं आणलं. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दिवसभर एकटे बसतात, घर खायला उठतं, म्हणून वरची खोली एखाद्या मुलीला द्यायची ठरवली. घरात माणसाचा आवाज असावा, एवढंच कारण होतं.

निदान मी स्वतःला तेच सांगत होते.

शिरोळकडची एक मुलगी विद्यापीठात एम.एस्सी. करत होती. ऋतुजा. ती आणि तिचे वडील खोली बघायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी मी हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो काढून आबांच्या खोलीत नेला. आबांना म्हणाले, भिंतीला ओल धरलीय. बुद्धाची मूर्ती शोकेसमध्ये तशीच ठेवली. बुद्ध काय, हल्ली शोभेला कुणाच्याही घरात असतो. आबांनी भिंतीवर हात फिरवून बघितला. भिंत कोरडी होती. ते म्हणाले, "बरं."

ऋतुजाच्या वडिलांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांची मान समाधानानं हलली. ती मान मी ओळखत होते. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी त्यांना पाण्याची वेळ सांगितली. सकाळी सहा ते साडेसात.

का नाही सांगितलं? पोरगी गोड होती, हे एक. आणि दुसरं सांगायला लाज वाटते. ज्या उंबऱ्यावरून मला हाकललं, त्या उंबऱ्याच्या आतल्या बाजूला मला एकदा उभं राहायचं होतं. अगदी तिच्यासारखं. कुणाला शंका येऊ नये असं.

ऋतुजा राहायला आली त्या संध्याकाळी मी आबांच्या खोलीत गेले. आबांकडं बटणांचा जुना मोबाईल आहे. रोज सकाळी कारखान्यातले जुने सोबती एकमेकांना फोन करतात, कोण उठलं, कोण दवाखान्यात, कोण गेलं ते विचारायला. आबा फोन उचलतात आणि म्हणतात, "जयभीम, बोला." मला कळायला लागल्यापासून हेच ऐकत आले आहे. आधी समोरासमोर, मग फोनवर.

मी म्हणाले, "आबा, आता फोन उचलला की हॅलो म्हणायचं. वर पोरगी ऱ्हातीया."

"का?"

"उगंच. बरं दिसतंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना ती ट्रंक आठवली असणार. मला तर आठवलीच. "बरं," म्हणाले.

पण साठ वर्षांची जीभ एका रात्रीत वळत नाही. सकाळी फोन वाजला आणि आबांच्या तोंडून निघालं, "ज… हॅलो." पलीकडून जयभीम आला की नुसतं "व्हय, व्हय" म्हणायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला हायसं वाटलं. लपवत नाही, मला त्या वेळी खरंच हायसं वाटलं.

ऋतुजा आली आणि घर बदललं. ती जिना उतरायची ती बडबडतच. आबांना चहा करून द्यायची, त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायची, पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची. वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेली की कवठाची बर्फी आणायची आणि पहिला तुकडा आबांच्या हातावर ठेवायची. आबा चार वाजल्यापासून दाराकडं डोळे लावून बसायचे. मी कचेरीतून दमून आले तर ही म्हणायची, "काकू, बसा तुमी. भाकरी मी थापतो." माझी स्वतःची पोर फोनवर दोन मिनिटं बोलते. ही परक्याची, पण घराची होऊन गेली. ते खोटं नव्हतं. त्या घरात एवढंच खरं होतं, आणि ते माझ्या खोट्यावर उभं होतं.

एके दिवशी तिनं आबांना विचारलं, "ओ आबा, ज हॅलो काय म्हणतासा ओ?"

आबा हसले. मी मधेच म्हणाले, "वय झालंय त्यांचं. जीभ अडकत्या."

पोरीला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून ती जिन्यावरून उतरताना ओरडायची, "ज हॅलो, आबा!" कॉलेजला निघताना, "येतो हं आबा, ज हॅलो!" तिच्या मैत्रिणी आल्या की त्याही म्हणायच्या. तिच्या मनात काही नव्हतं, नुसती माया होती. हळूहळू घरात ती थट्टाच होऊन बसली. आणि मी हसायचे. आबांकडं न बघता हसायचे.

आबांचे फोन कमी झाले. एका सोबत्यानं म्हणे विचारलं, पोरीच्या घरी राहिलास तर आमाला इसरलास काय. ज्यांना एकटं वाटू नये म्हणून मी परकं माणूस घरात आणलं, त्यांची जुनी माणसं मीच तोडली. चौदा एप्रिल आला. दरवर्षी आबा गच्चीवर निळा झेंडा लावतात. गच्चीचा जिना ऋतुजाच्या खोलीवरून जातो. त्या वर्षी त्यांनी झेंडा मागितला नाही. मीही काढून दिला नाही. दिवसभर आपण कुठल्या सुतकात आहोत असं घर गप्प होतं, आणि ऋतुजा विचारत होती की आबांना बरं नाही का.

मे महिन्यात एका रविवारी तिचे आईवडील भेटायला आले. मी पुरणपोळ्या केल्या होत्या, कटाची आमटी. पंगत हॉलमध्येच, खाली सतरंजी घालून. तिचे वडील दोन पोळ्या खाऊन तिसरी घेत होते. आमटीचं कौतुक चाललं होतं. मग ते आबांकडं वळले.

"पावणं, गाव कंचं म्हणालासा तुमचं?"

आबांनी सांगितलं.

"आरं तिच्या! तितं आमची चुलत भन दिलीया की. तुमचं घर कुठल्या अंगाला?"

खेड्यात जन्मलेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. गावाला अंगं चार असतात, पण या प्रश्नाला उत्तरं दोनच.

आबांनी माझ्याकडं बघितलं. ते डोळे मला मरेपर्यंत दिसत राहतील. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, आपलं घर गावात कुठं आहे ते सांगू का, म्हणून लेकीची परवानगी मागत होता.

मी म्हणाले, "चावडीच्या मागं."

आबांनी पोळीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला.

ऋतुजाचे वडील खूश झाले. "मग आमच्यातलंच की! बरं वाटलं बगा. पोरीला ठिवायच्या आदी लई चौकशी केलती आमी. हल्ली काय, कुणाच्या ताटात कोण जेवतंय कळत न्हाय."

तेवढ्यात आबांचा फोन वाजला. डाव्या हातानं त्यांनी उचलला. गोंधळलेले होते, जीभ सटकली. "ज… हॅलो."

ऋतुजा खळखळून हसली. "पप्पा, ऐकलासा? आबांचं असंच हाय. ज हॅलो!" तिची आई हसली. वडील हसले, घास तोंडात असतानाच आबांना म्हणाले, "ज हॅलो, पावणं!"

आबाही हसले. माझ्यासाठी हसले. मला सांभाळून घेण्यासाठी.

तिथं माझ्यातलं काहीतरी फाटलं. वीस वर्षांची असताना जे घरमालकिणीला बोलायला हवं होतं ते नव्हे. बापाला जे कधीच बोलायला नको होतं, ते सगळं आठवलं. मी वाढता वाढता उभी राहिले, हातात पोळीची परात.

"ते ज हॅलो न्हाय," मी म्हणाले. "ते जयभीम हाय. मी त्यास्नी गिळायला लावलंय. आमचं घर चावडीमागं न्हाय. खालच्या अंगाला हाय, बौद्ध वस्तीत."

ऋतुजाचे वडील अर्धी पोळी ताटात टाकून उठले. बेसिनकडं गेले आणि चूळ भरली. एकदा. दोनदा. मग तिसऱ्यांदा घशात बोटं घालून. तोंड पुसत परत आले आणि म्हणाले, "फसवलंसा तुमी आमास्नी."

हाच शब्द मी एकदा ऐकला होता. तेव्हा तो खोटा होता. या खेपेला खरा होता.

मी म्हणाले, "व्हय, फसवलं. पर तुमाला न्हाय. यांना." आणि आबांकडं हात केला.

तासाभरात तिचं सामान खाली आलं. वडील गाडीत जाऊन बसले होते, आई पदरानं डोळे पुसत पिशव्या नेत होती. सगळ्यात शेवटी ऋतुजा आली. तिचे डोळे लाल होते. मला म्हणाली, "काकू, आदी सांगायचं हुतं."

आधी सांगितलं असतं तर ती आलीच नसती, की आली असती आणि राहिली असती? मला माहीत नाही. ते कळायची संधी मी तिलाही दिली नाही. ती आबांच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, तिथं थांबली, आणि वळली. ज हॅलो म्हणाली नाही. दुसरं काय म्हणायचं तेही तिला सुचलं नसेल.

मी आबांच्या पायाशी बसले. म्हणाले, चुकलं. पोरगी तुमची थट्टा करत राहिली आणि मी बघत राहिले.

आबा म्हणाले, "तिला काय ठाव न्हवतं. तुला ठाव हुतं."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

फोटो त्याच दिवशी हॉलमध्ये लावला. खिळा होता, पाच मिनिटांचं काम. बाकीचं तेवढं सोपं नाही. आबा आता फोन उचलतात आणि स्वच्छ "हॅलो" म्हणतात. ज सुद्धा लागत नाही. मी म्हणाले, आबा, पहिल्यासारखं म्हणा की. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. तोंडाला बसलंय ते." गल्लीत खणखणणारा तो आवाज एका घरमालकिणीला बंद करता आला नव्हता. मी केला. तिच्याहून मी जास्त काम केलं.

खोली द्यायची आहे, असं मी पुन्हा चार ठिकाणी कळवलंय. फोन येतात. परवा एक बाई बोलत होत्या, मुलीसाठी खोली हवी. भाडं विचारायच्या आत मी म्हणाले, "जयभीम. खोली हाय. घर बौद्धाचं हाय, आमच्याच ताटात जेवाय लागंल. चालत असंल तर या." मग त्या म्हणाल्या, घरात विचारून सांगते. त्याआधीच्या दोघीही तेच म्हणाल्या होत्या. अजून विचारतच असतील.

विचारू देत. खोली रिकामी आहे आणि वर्षभर राहिली तरी राहू दे. पुढच्या फोनलाही मी हेच सांगणार आहे, याच क्रमानं, आणि आबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.