यांकुलच्या खाणीची वाट आणि एकाच बाजूचे पट्टे

शुक्रवार हा मस्कतमध्ये झोपायचा दिवस. त्या दिवशी पहाटे चारला उठून डोंगरातले दगड रंगवायला जायचं आहे, असं माझ्या नवऱ्याने, प्रसादने, मला न विचारता ठरवून टाकलं. यांकुलच्या डोंगरात जुन्या सोन्याच्या खाणीकडे जाणारी गाढवांची वाट आहे. ती चालणाऱ्यांसाठी पुन्हा मोकळी करायचं एका हायकिंग ग्रुपने मनावर घेतलं होतं. त्यातला सगळ्यात वरचा टप्पा आमच्या गळ्यात.

"मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट खलास," प्रसाद म्हणाला. "बारा वर्षं राहिलो. घर भाड्याचं, गाडी विकणार, रेसिडेंट कार्ड परत देणार. एक तरी काम आपलं म्हणून मागे राहू दे इथे."

मी वाटेसाठी धपाटे लाटले.

मस्कतमधल्या आमच्या अल् घुब्राहून निझ्वा-इब्रीमार्गे चार तास धरा. पेट्रोल इब्रीतच भरा. पंपावरचा करक, म्हणजे दाट उकळलेला दुधाचा चहा शंभर बैशांत, रियालच्या दहाव्या हिश्शात मिळतो आणि तेवढ्यासाठी तरी उठल्याचं समाधान होतं. शेवटचा रस्ता खडीचा आहे, साधी गाडी नेऊ नका. आम्ही नेली आणि तिचं पोट खरवडून घेतलं.

वाटेवरचे सुटे दगड बाजूला करायचे, ढासळलेली कड रचायची आणि थोड्या थोड्या अंतरावर दगडावर वाट दाखवणारा पिवळा-पांढरा-लाल पट्टा ओढायचा, एवढंच काम. पण प्रसाद कंपनीत क्वालिटी तपासतो. प्रत्येक पट्टा त्याने टेप लावून मोजला.

"बाबा, इट्स अ रॉक," नववीतली इरा म्हणाली. माझ्या मनातलंच बोलली.

वर खाण म्हणजे एक काळं भोक आणि फोडलेल्या पांढऱ्या दगडांचा ढीग. सोनं बघायला येणार असाल तर घरीच बसा.

तीनला उतरायला लागलो आणि दहाव्या मिनिटाला वाट हरवली. एकही पट्टा दिसेना. सगळे पट्टे आम्ही दगडांच्या चढताना समोर येणाऱ्या बाजूला मारले होते. तासभर एकसारख्या दिसणाऱ्या घळींतून फिरलो, पाणी संपलं, इरा रडकुंडीला आली. मी इतकी चिडले होते की प्रसादकडे बघणंही बंद केलं.

शेवटी शेळ्या घेऊन एक म्हातारे ओमानी बाबा आले. त्यांनी आमच्या हातातला रंगाचा डबा पाहिला, मग दगड पाहिले.

"जाने का रास्ता बनाया," ते हिंदीत म्हणाले. "आने का किधर?"

प्रसादने डब्याचं झाकण दाबून लावलं. त्या म्हाताऱ्या बाबांनी साध्या चपलांत आम्हाला गाडीपर्यंत आणून सोडलं. घरी आल्यावर मी सगळं बोलून घेतलं. त्याने ऐकून घेतलं आणि बाल्कनीत बसून ब्रश धूत राहिला. मला त्याची फार दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

पुढच्या शुक्रवारचा गजर मी लावला.

आता आम्ही पुण्यात आहोत. कुणी त्या वाटेने गेलात तर चढताना दिसतील ते सरळ, मोजलेले पट्टे प्रसादचे. उतरताना दिसतील ते वाकडे माझे. त्यांच्या मागे मागे या, गाडीपर्यंत पोचाल.