आहेर सरांची प्रयोगशाळा रिकामी होताना

आहेर सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा सर मला दिसलेच नाहीत. नाशिकच्या आमच्या महाविद्यालयात, रासायनिक अभियांत्रिकी विभागात, मी अधिव्याख्याता म्हणून रुजू व्हायला आले होते. इस्त्रीची साडी, हातात नेमणुकीचं पत्र. विभागप्रमुख कुठे भेटतील म्हणून विचारलं, तर शिपायाने प्रयोगशाळेकडे बोट दाखवलं. आत कोणीच नाही. तेवढ्यात पाइपांच्या जाळ्याखालून आवाज आला, "कोण आहे? या, तो वरचा कॉक जरा दाबून धरा." मी धरला. निऱ्या चिंब भिजल्या. थोड्या वेळाने कोपरापर्यंत ओले झालेले एक गृहस्थ बाहेर आले आणि मला बघून चपापले. "अरे बापरे, तुम्ही नव्या मॅडम होय! चला, झालात रुजू," म्हणाले.

सरांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी मी लिहावं असं संपादक मंडळाने कळवलं, तेव्हा खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण माझं मन थाऱ्यावर नाही, ते कागदावर तरी कसं असेल? हे निमंत्रण आलं त्याच सुमारास ती प्रयोगशाळा रिकामी करण्याचा आदेशही माझ्या टेबलावर आला. आमच्या शाखेचे प्रवेश बंद झाले. मुलंच येत नाहीत. आज विभागप्रमुख मी आहे, त्यामुळे कुलूप लावायचं कामही माझ्याच नशिबी. सरांना शाल पांघरवणारे आणि सरांचं दालन मोकळं करून घेणारे लोक एकच आहेत, आणि त्यांत मीही आहे. हे लिहिताना मला लाज वाटते.

ती प्रयोगशाळा सरांनी कशी उभी केली हे आजच्या मंडळींना ठाऊक नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत फिरून, त्यांनी बाजूला टाकलेले पंप, मीटर, टाक्या सर मागून आणत आणि स्वतः दुरुस्त करत. पाइपातून पाणी किती वाहतं ते मोजायचं, टाकीत द्रव ढवळायचा, कॉम्प्रेसरने हवा दाबून भरायची, हे सगळं मुलांनी हाताने केलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मुलांची खोड मात्र वेगळी. वरच्या वर्गाच्या जर्नलमधली रीडिंग उतरवली की प्रयोग संपला!

सरांनी एकदा काय केलं, पाण्याचा प्रवाह मोजायला पाइपात मधे भोक असलेली जी चकती बसवतात, तिची धारेची बाजू पाण्याच्या समोर ठेवायची असते, ती गुपचूप उलटी बसवली. उत्तर चुकायलाच हवं होतं. पण सगळ्या वर्गाची उत्तरं पुस्तकातल्यासारखी अचूक! फक्त नामपूरचा एक मुलगा कान लाल करून उभा राहिला. "सर, आमनं काहीतरी चुकनं." सरांनी त्याचं जर्नल सगळ्यांना दाखवलं. "याचं काही चुकलेलं नाही. चकतीच उलटी आहे. तुम्ही बाकीच्यांनी पाण्याला न विचारताच उत्तर लिहिलंत." अख्खा वर्ग थांबवून सरांनी प्रयोग पुन्हा करून घेतला, स्वतः जेवले नाहीत, आणि संध्याकाळी त्याच मुलांना मिसळ खाऊ घातली.

माझ्यावरही त्यांचे उपकार आहेत. संस्थेच्या बैठकीत भांडून एकदा मी राजीनामा लिहिला होता. सरांनी तो वाचला आणि मला ढवळायच्या टाक्यांपाशी नेलं. एका टाकीला आतून उभ्या पट्ट्या होत्या, दुसरीला नव्हत्या. दोन्हींत त्यांनी रंग टाकला. "पट्ट्या नसल्या की पाणी बघा कसं छान गोल गोल फिरतं. दिसायला सुंदर, पण रंग लवकर मिसळत नाही. तुम्ही आमची पट्टी आहात. भांडत राहा." राजीनामा मी तिथेच फाडला.

या वेळीही मी भांडले हो. सगळ्या बैठकांना गेले. सर्वांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. "मॅडम, आता संगणकावर प्रयोग दाखवता येतो की!" मी म्हटलं, त्यात साडी भिजते का? सगळे हसले, आणि ठराव मंजूर झाला.

सरांना सांगायला मी गंगापूर रोडच्या घरी गेले. वहिनींनी चहा ठेवला. सांगता सांगता मला रडू फुटलं. मला वाटलं सर चिडतील, निदान हळहळतील. त्यांनी विचारलं, "कॉम्प्रेसरच्या टाकीतली हवा सोडली का?"

मला आठवेना.

"सोडल्याशिवाय भंगारवाल्याला हात लावू देऊ नका. थांबा, उद्या मीच येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा एक कामगार गॅस कटर घेऊन टाकीसमोर उकिडवा बसलेलाच होता. "सर, प्रेशरचा काटा तर झीरोवर हाय," तो म्हणाला. "काट्याचं काय ऐकतोस बाबा? तो कधीचा अडकलाय. ऊठ आधी," म्हणत सर खाली वाकले आणि त्यांनी टाकीच्या बुडाचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. तांबूस पाणी उडालं, मग हवा सुटली. केवढा तो आवाज! बोलणं ऐकू येईना. तो माणूस मागे सरकत भिंतीला टेकला. त्याच्या ओठांचा रंग उडाला होता. आवाज थांबेपर्यंत सरांनी व्हॉल्व्हवरचा हात काढला नाही. मग त्याला पाणी दिलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आता न्या म्हणावं."

सरांचा सत्कार प्रयोगशाळेच्या त्याच दालनात आहे. नवी फरशी बसलीय, खुर्च्याही आल्यात. लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचा रिवाज आहे आणि तिथेच माझं पेन अडतं. आयुष्य थोडं कमी लाभलं असतं, तर स्वतःच्या हाताने ती हवा सोडणं तरी सरांच्या वाट्याला आलं नसतं, असा अभद्र विचार माझ्या मनात आला. तो मी लपवत नाही.

तरीही मागते. सर, तुम्ही पुष्कळ जगा, धडधाकट जगा. प्रयोगशाळा मला वाचवता आली नाही. पण उद्या हे लोक आणखी काही मोडायला निघाले, तर टाकीसमोर बसलेल्या त्या कामगारासारख्या माणसाची आठवण करून देणारं इथे दुसरं कोणी नाही.