काचेचं पोट आणि अण्णांच्या गोळ्या

आमच्या लॅबमध्ये निष्कर्ष कमी निघतात, किस्सेच जास्त. निष्कर्षांना पुरावा लागतो. किस्से चहाबरोबर आपोआप साठत जातात.

आम्ही हुलग्यातली प्रथिनं फोडून त्यांचे बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइड्स, वेगळे काढतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला येणारी सूज त्यांनी कमी होते का, ते पाहायचं. त्यासाठी हुलग्याचं पीठ पाचकरसात घालून तासन्‌तास हलवत ठेवावं लागतं. त्या भांड्याला आम्ही ‘काचेचं पोट’ म्हणतो.

मनमाडहून अप-डाऊन करणारा आमच्यातला इम्रान एकदा भर दुपारी त्या भांड्यापुढे बसून म्हणाला, “मॅडम, याला वेळेवर मिळतं. आमच्या पोटाचा प्रयोगात विचार झालाय का?”

त्या दिवसापासून लॅबच्या प्रमुख वैशाली मॅडमनी जेवणाची सुट्टी सुरू केली!

*

इंदिरानगरला आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं, “तू नक्की करतेस काय गं?” मी चहा गार होईपर्यंत समजावलं.

काकू म्हणाल्या, “म्हणजे हुलग्याचे शेंगोळे खा, हेच ना? आमच्या सासूबाई फुकट सांगायच्या!”

मी हे मॅडमना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “सांगायच्या, बरोबर आहे. पण ते तपासलं कोणी? तेवढ्यासाठीच तर आपण आहोत.” मला पटलं. काकूंना सांगायची हिंमत मात्र अजून झालेली नाही.

*

हुलगे यायचे कळवणहून, मॅडमच्या वडिलांच्या शेतातून. अण्णांना हार्ट अटॅक येऊन गेलेला, स्टेंट टाकलेला. पोतं पाठवताना बजावायचे, “निवडून धाडलंय. औषधात खडा नको.”

एके दिवशी ताटलीत वाढवलेल्या रक्तवाहिनीच्या पेशींची सूज त्या पेप्टाइड्सनी खरंच उतरली! मॅडमनी आनंदाच्या भरात फोन लावला, “अण्णा, जमलं!”

संशोधकाने वडिलांशी बोलताना वाक्य पूर्ण करावं, हे आम्हाला चार दिवसांनी कळलं. मॅडमच्या आईचा फोन आला. अण्णांनी गोळ्या बंद केल्या होत्या आणि ते सकाळ-संध्याकाळ हुलग्याचं कढण पीत होते.

मॅडमनी तिथूनच अण्णांना फोन लावला. त्या अण्णांवर रागावल्या, रडल्या. अण्णांचं एकच, “मग तुझ्यावर इस्वास ठेवू नको का?”

आम्ही सगळे उगाच कामात असल्यासारखे इकडेतिकडे झालो.

*

दुसऱ्याच दिवशी मॅडम अण्णांना लॅबमध्ये घेऊन आल्या. आईने बरोबर दिलेली गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. अण्णा टोपी काढून मायक्रोस्कोपमधून त्या पेशी बराच वेळ पाहत राहिले.

“ह्या बऱ्या झाल्या?”

“हो.”

“अन् माणूस?”

“माहीत नाही, अण्णा.”

“तुला पण नाय माहीत?”

“नाही. अजून लय वर्षं लागतील.” मॅडम लॅबमध्ये कधी ‘लय’ म्हणत नाहीत.

अण्णा स्टुलावर बसले. टोपी घातली. मग पट्टी उचलून एक गोळी हातावर काढली.

“पाणी दे,” ते म्हणाले. “तुला कळंपर्यंत मला ऱ्हावं लागंल.”