पाचव्या पायाची बाजू

आमची ताई समुद्राच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं पाय बघत आली. पाय कोपेपॉडचे. कोपेपॉड म्हणजे समुद्रात तरंगणारा, तिळाएवढा किंवा त्याहून लहान जीव. जाळं ओढलं की बरणीभर येतात, आणि मग ताई ते एकेक करून सुईने वेगळे करते. मी तिथलाच भांडारपाल. मला तिनेच चिकटवलं आणि ते ती मला विसरू देत नाही.

बाबा कारखान्यात तपासनीस होते. माप चुकलेला भाग दिसला की नापास. रिटायर होऊन वीस वर्षं झाली, तरी घरातलं कोणी अजून पुरतं पास झालेलं नाही. ताई काय करते असं कोणी विचारलं की बाबा म्हणायचे, "उवा बघते."

आता या प्राण्यांची घराणी कशी ठरतात, तर पायांच्या पाचव्या जोडीवरून. ताईच्या टेबलावरच्या जातींत मादीचे दोन्ही पाय सारखे, पण नराच्या एका पायाला चिमटा, मादीला धरून ठेवायला. चिमटा कुठल्या बाजूला, काटे किती, केस कुठे, यावर प्रजाती ठरते, म्हणजे पाच-पंचवीस जातींचं मिळून एक कुटुंब. "एवढ्याशा किड्याची केवढी ही थेरं!" मी म्हणायचो. "किडा नाही तो," ताई म्हणायची. "आणि तू बोलू नकोस. तुझी ओळख नुसत्या पोटावरून पटते."

तीन वर्षांपूर्वी जाळ्यात एक नर आला. मिशा तुटलेल्या, बाकी धड. ताईने त्याच्या पाचव्या पायांची जोडी सोडवली, ग्लिसरीनच्या थेंबात काचपट्टीवर ठेवली, वर पातळ काच, आणि कडेने नेलपॉलिश. (नेलपॉलिशची मागणी मी दरवर्षी लिहितो आणि दरवर्षी हिशेबनीस माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतो.) सगळ्या भाऊबंदांचा चिमटा उजवीकडे, याचा डावीकडे! प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या मॅडम, खुर्चीवरून उठल्याच. तीन वर्षं शोधूनही तसा दुसरा नर सापडला नाही, तेव्हा त्या एकावरूनच त्यांनी ठरवलं, ही प्रजातीच नवी. आणि तिला नाव ताईच्या आडनावाचं, मागे लॅटिन शेपूट लावून. ताईच्या रिटायर होण्याला तेव्हा तीन महिने उरले होते.

बाबा इमारतीत मजल्यामजल्यावर हिंडले. "आमचं आडनाव शास्त्रात जातंय." उवा हा शब्द घरातून हद्दपार झाला. रोज संध्याकाळी ते ताईला विचारायला लागले, "काय गं, कसं चाललंय काम?" आणि अठ्ठावन्न वर्षांची आमची ताई चक्क लाजायची. मला त्या लाजण्याचा आधी हेवा वाटला, मग बरं वाटलं.

शुक्रवारी नव्या प्रजातीवरचा लेख छापायला जायचा होता. बुधवारी मी काचपट्ट्यांचा खोका घेऊन गेलो तर ताई सूक्ष्मदर्शकाची फोकसची बारीक चकती फिरवत होती. पुढे, मागे, पुन्हा पुढे.

"या पायाच्या पाठीवर केसांची ओळ असते," डोळा न काढता ती म्हणाली. "पाय पालथा लावायचा, पाठ वर, अशी आपली पद्धत. मग फोकस वरून खाली आणताना केस आधी दिसतात. इथं केस शेवटी दिसताहेत."

"मग?"

"मग काय! मी पाय उताणा लावलाय. उजवं ते डावं दिसतंय. हा नेहमीचाच प्राणी आहे रे."

मी दार लावून घेतलं. खोटं कशाला बोलू, मी तिला म्हणालो, "गप्प बस. तसा दुसरा नर नाही, काच बंद आहे. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"आपल्या बापाला काय सांगायचं तेवढं बघ," ती म्हणाली आणि काचपट्टी घेऊन मॅडमच्या खोलीत गेली. मीही मागोमाग.

मॅडमनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकात पाहिलं. "आणखी कोणाला माहीत आहे?"

"भावाला. पण त्याला काही कळत नाही."

"पाय पालथा करून बघा," मॅडम म्हणाल्या.

ताईने नेलपॉलिश खरवडलं, काच उचलली, सुईने पाय पालथा केला. केस आधी दिसले. चिमटा उजवीकडे. मॅडमनी काचपट्टीच्या चिठ्ठीवर जुन्या प्रजातीचं नाव लिहिलं आणि चाळीस पानी लेख खणात टाकला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी ताईने पिशवीही खाली ठेवली नाही. "बाबा, ती प्रजाती रद्द झाली. पाय मीच उलटा लावला होता."

"कोणी पकडलं?"

"मीच. मीच मॅडमना सांगितलं."

"नसतं सांगितलं तर?"

"छापून आलं असतं. कोणाला कळलं नसतं."

आता तोफ सुटणार म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत सरकलो. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती पुन्हा उलगडली.

"मी एकदा नव्हतं सांगितलं," ते म्हणाले. "ब्रेकचे भाग होते."

ताई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. कुठल्या गाड्यांचे, पुढे काय झालं, हे तिने विचारलं नाही. मीही नाही.