आडोशातला आवाज

छत्रीबागेतले आमचे शेजारी कापड मिलच्या साचाखात्यात मागावर कामाला होते. मागांच्या खडखडाटात उभा जन्म ओरडून बोललेले, त्यामुळे घरातही ओरडतच. त्यांनी चहा मागितला की गल्लीला कळायचं.

त्यांची बदकांची शिकार केव्हाच बंद झाली होती. बंदूक नव्हती, पण बदकं जवळून बघायचा शौक उरला होता. त्यासाठी त्यांनी लपून बसायला आडोसा बनवला. बांबूच्या कामट्या आणि त्यांवर चहाच्या पाण्यात मळकट केलेलं मिलचंच कापड. मिटून सायकलच्या दांडीला बांधता यायचा. "उचलून तर बघा भिया, वजनच नाही!" ते मला म्हणायचे.

हिवाळ्यात आम्ही तलावाकाठी त्यात दबून बसायचो. बदकं जरा जवळ आली की हे माझ्या कानाशी लागून बजावत, "एकदम चुप बसायचं हां!" आणि अख्खा थवा उडून जाई. थंडीत सायकल हाणत आलेल्या मला भयंकर राग यायचा. ते मात्र हसत. "आदत पडली हो, काय करणार!"

मग मिल बंद पडली. त्या हिवाळ्यातही ते मला घेऊन गेले, आडोसा नेहमीसारखाच उभा केला. बदकं पोहत पोहत अगदी हाताशी आली. ते काहीतरी बोलले. मला ऐकूच आलं नाही.

"काय म्हणालात?"

"कुछ नहीं," ते पुटपुटले.

बदकं तिथेच निवांत पोहत राहिली. ह्यांनी एकदा तरी ओरडावं, म्हणून मी वाट बघत बसलो.