ताईंच्या वाटणीचं निर्गुडीचं पाणी

नणंद, म्हणजे आमच्या ताई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या, तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. आमचं गाव कुंभार पिंपळगावापासून पायी तासाभराच्या वाटेवर. बाळंतिणीला सव्वा महिना निर्गुडीचा पाला उकळलेल्या पाण्यानं न्हाऊ घालायची तिकडं घरोघर रीत. पाला ओढ्याच्या काठाला मिळायचा. मेंढरं राखणाऱ्या घरातली एक म्हातारी तो रोज सकाळी तोडून आणायची आणि दुपारी भाकरी-कालवण घेऊन जायची. मी तिला मावशी म्हणायची. घरात आता ती एकटीच उरली होती. आमची भाकरी हेच तिचं दिवसाचं जेवण, हे मला माहीत होतं.

पाणी तापवायचं काम माझं. मोठ्या हंड्यात पाला दाबायचा, वर परात झाकायची आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ घालायचा. मग सासूबाई ताईंना चोळून न्हाऊ घालायच्या. न्हाणीच्या आडोशामागून ताईंचा आवाज यायचा, "आई, अजून वत ना कमरंवर." मी बाहेर जाळ सारत ऐकत बसायची.

आदल्या साली माझं पोट पाचव्या महिन्यात पडलं होतं. त्याला असलं न्हाणं नसतं. मूलच नाही, तर बाळंतीण कसली? चौथ्या दिवशी मी कापूस वेचायला गेले. कोणी मला मुद्दाम छळलं असं नाही, सगळ्यांचं तसंच होतं. पण तेव्हापासून माझी कंबर धरायची. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सासूबाई बाजाराला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "मी येस्तोर ताईला न्हाऊ घाल. पानी बराबर कडक कर."

पाणी झालं, तेव्हा ताई बाळाला पाजता पाजता झोपी गेल्या होत्या. हंडा न्हाणीत नेऊन ठेवला. वाफ तोंडावर आली. दोनच तांबे घ्यायचे, असं मनाशी म्हटलं. पहिला तांब्या कमरेवर ओतला आणि मला एकदम रडू आलं, मग हसू आलं. अंगातलं काहीतरी गाठ सुटल्यासारखं सैल होत गेलं. पाला हातात घेऊन मी पोटऱ्या चोळल्या, खांदे चोळले. केसांवरूनही घेतलं. आयुष्यात इतका वेळ मी न्हाणीत कधी बसले नव्हते. भान आलं, तेव्हा हंड्याच्या तळाशी नुसता पाला उरला होता.

तेवढ्यात ताईंनी हाक मारली. जाळ विझला होता. मी घाईनं रांजणातलं पाणी हंड्यात ओतलं, निखाऱ्यांवर जरा कोमट केलं, तोच पाला पुन्हा पिळला आणि ताईंना न्हाऊ घातलं.

"वैनी, आज पान्याला वासच न्हाई. अन् गार लागून राह्यलं."

"पाला जून होता, ताई," मी म्हणाले.

दुपारी मावशी भाकरीला आली. मी पदर डोक्यावरून ओढून घेतला, तरी ओल्या केसांचा निर्गुडीचा वास दारापर्यंत गेलाच असणार. तिनं माझ्याकडं पाहिलं. भाकरी फडक्यात बांधून गेली.

संध्याकाळी ताईंना थंडी वाजून कणकण आली. सासूबाई घाबरल्या. विचारपूस झाली, तेव्हा ताईच म्हणाल्या, पाला जून होता. दुसऱ्या दिवशी मावशी दारात येताच सासूबाई कडाडल्या.

"म्हातारे, डोळे फुटले का तुझे? वल्ल्या बाळंतिनीला जून पाला आन्तीस? फुकटची भाकर खाती व्हय?"

मी चुलीपुढं पीठ मळत होते. मावशीनं आत नजर टाकली, माझ्यावरच. मला वाटलं, आता सांगणार. माझा हात परातीतच थांबला.

"चुकलं, माय. नजर कमी झाली मही," ती म्हणाली.

"मंग नको येत जाऊ."

ती गेली. ताई दोन दिवसांत बऱ्या झाल्या, पण मावशी पुन्हा बोलावली गेली नाही. पाला मी आणू लागले. ओढ्यावर ती दिसली, की मी झुडपाच्या पलीकडच्या अंगाला व्हायची.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. पाचव्या दिवशी मावशी न बोलावता दारात आली. जास्त वाकली होती. पाल्याचा भारा उंबऱ्याशी ठेवून मला म्हणाली, "कवळाच हाय पोरी. सासूला दाखवून घे."

तिला माझ्या कमरेचं कळलं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की मावशी, पाला तेव्हाही कवळाच होता. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी एक डहाळी मोडून हुंगली.

"आता बराबर आनला. बोलल्याबिगर सुधरत न्हाईत लोकं."

मावशी माझ्याकडं बघत होती. मी मान खाली घालून मुलीचं दुपटं सारखं करत राहिले. मग सासूबाईंनी तिला भाकरी दिली, आणि मला न्हाऊ घालायला पाणी ठेवलं.